कडुलिंबाला बांधलेली म्हैस

दिवाळीनंतर थोरल्या लेकीचं लग्न होतं. पत्रिका मोबाइलवर धाडली तर आमच्या भावकीत रुसवे निघतात, ती हातातच द्यावी लागते. म्हणून भर पावसात मोटारसायकलवर सीना नदीकाठची गावं करायला निघालो. दोन गावं झाली, तिसरं माझ्या बहिणीचं.

तिथं चहासुद्धा झाला नाही. संध्याकाळपर्यंत पाणी गावात शिरेल, असं देवळाच्या भोंग्यावरून सांगत होते. बहीण ज्वारीची पोती माळ्यावर चढवत होती. चार पोती मीही चढवली.

"दादा, पूल बंद व्हायच्या आत निघ की," ती म्हणाली. "आमी समदी वरच्या शाळेत जातो."

बाहेर पडलो तर शेजारच्या मावशींची म्हैस अंगणात मोकळी उभी, दावं खुंट्यापाशी पडलेलं. मावशी एकट्या सुनेसोबत राहतात. दोघीही दिसल्या नाहीत. मला वाटलं, धांदलीत सुटली असणार, आता वाहून जाईल बिचारी. मी जन्मभर अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मागावरचे तुटके धागे सांधत आलोय. माझी गाठ सुटत नाही, असं तिथं सगळे म्हणतात. म्हैस कडुलिंबाला बांधली, दुहेरी गाठ मारली, ओढून पाहिली. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला.

पूल ओलांडून फाट्यावरच्या टपरीत चहाला थांबलो. रस्ताभर गाई-म्हशी मोकळ्या फिरत होत्या. मी टपरीवाल्याला म्हणालो, "जनावरं बांधत नाहीत का हो इथं?"

"मुद्दाम सोडल्यात की. पानी आलं की जनावर आपलं आपन वर येतंय. बांधलेलं कुटं जाईल?"

चहा तसाच ठेवून उठलो. नको तिथं शहाणपण पाजळायची माझी खोड जुनीच, पण आजवर तिनं कुणाचा जीव घेतला नव्हता. बहिणीला फोन लावला, लागला नाही. परत पुलावर आलो तर आडवी दोरी लावलेली आणि पुलावरून पाणी चाललेलं. पोलिसाला हात जोडले, तो म्हणाला, "एका म्हशीपायी तुमाला सोडू व्हय?" दोन तास मी तिथंच भिजत फोन लावत राहिलो. मावशी म्हशीला शोधायला मागं फिरतील, ही भीती मला तेव्हाच शिवली आणि मग गेलीच नाही.

फोन लागला तेव्हा बहीण दमलेल्या आवाजात बोलली. सगळी जनावरं शाळेपाशी आली, एक म्हैस आली नाही. मावशी छातीभर पाण्यात गेल्या. गाठ सुटेना, तेव्हा विळ्यानं दावं कापलं. मावशी अन् म्हैस, दोघी वाचल्या.

"मावशी म्हनत्यात, सोडायचं मीच इसरले," बहीण म्हणाली.

मी 'जपून राहा' म्हणून फोन ठेवला. वाचल्या ना, मग कशाला सांगायचं, अशी मनाची समजूत घातली.

मावशी लग्नाला आल्या नाहीत. लाडूचा डबा घेऊन मीच गेलो. मावशी ओसरीवर बसून होत्या, कंबर मोकळी, तिथं नेहमी खोचलेला किल्ल्यांचा जुडगा नव्हता.

"डोस्कं चालंना आता माजं," त्या म्हणाल्या. "सोडली म्हनून ध्यानात हाय, अन ती झाडाला बांधलेली. सुनेला म्हनलं, किल्ल्या तूच ठेव. गॅसला बी हात लावत न्हाय मी. देईन कवातरी घर पेटवून."

माझी मान वर होईना. इतके दिवस ही बाई स्वतःला भ्यायली होती, आणि ते माझ्या गप्प बसण्यानं.

"मावशी, तुम्ही सोडली होती. बांधली मी."

शिव्या खायची तयारी करूनच बसलो होतो. मावशी माझ्याकडे वळल्या.

"खरं?"

"खरं."

"लेकीची शप्पत घे."

घेतली. मावशींनी पदर खोचला आणि आत तोंड करून हाक मारली, "सूनबाई, किल्ल्या आन हिकडं."