बाबांचा चाकू मी बोथट केला

माझे वडील वायरमन होते. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं मेंटेनन्सचं काम केलं आणि तो बंद पडल्यावर घरोघरची कामं घ्यायला लागले. पंखा, गीझर, उडालेला फ्यूज, नव्या फ्लॅटचं अख्खं वायरिंग, काहीही. खांद्याला हत्यारांची पिशवी आणि पँटच्या उजव्या खिशात घडीचा चाकू. पिशवी विसरून निघाले आणि जिन्यातून परत आले, असं मी दोन-तीनदा पाहिलंय. चाकू मात्र ते कधी विसरले नाहीत.

तो त्यांनी लग्नाआधी कल्याणच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेला. मूठ शिसवाची. ती एकदा चिरली तेव्हा बाबांनी तांब्याची तार गच्च आवळून बांधली होती. पात्याचं टोक एका गंजलेल्या स्क्रूपायी मोडलेलं. रविवारी सकाळी मोरीच्या उंबऱ्यापाशी बसून ते दगडावर स्वतः धार लावायचे, इतकी वर्षं की पातं झिजून निम्मं राहिलं होतं. त्याच पात्याने दिवसभर वायरी सोलायच्या आणि संध्याकाळी ते पँटला पुसून त्यानेच आंबा कापायचा. आई ओरडायची, "विळी आहे ना घरात!" बाबा म्हणायचे, "विळीला ही चव नाही."

सहावी-सातवीत असताना सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामावर जायचे. "वायर सोलताना पातं आडवं धरायचं," ते सांगायचे. "उभं धरलंस तर आतलं तांबं कापलं जातं. वरचं निघालं पाहिजे, आतल्याला कळताही कामा नये." मी पुढे विम्याच्या कामाला लागले, लग्न केलं नाही, आईबाबांपाशीच राहिले. वायर मात्र अजून चांगली सोलते.

चार वर्षांपूर्वी बाबा माजिवड्याला एका कामाला गेलेले. दुपारी त्यांच्या फोनवरून तिथल्या वॉचमनचा आवाज आला. "ताई, तुमचे वडील जिन्यात बसलेत. कुठे जायचंय ते सांगता येत नाही त्यांना." मी रिक्षाने गेले. बाबा पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसले होते. मला बघून हसले, आणि मग हळूच म्हणाले, "बोर्डात सात वायरी होत्या गं. कुठली कुठे जाते, कळेचना."

काम सुटलं. पुढच्या वर्षभरात पुष्कळ काही सुटलं: माणसांची नावं, वार, जेवलो की नाही ते. चाकू तेवढा राहिला. ते दिवसभर पायजम्यातच असायचे, म्हणून आईने पायजम्यांना चाकूपुरता खिसा शिवला. त्या चाकूने ते शेंगा सोलायचे, खिडकीच्या गजांवरचा जुना रंग खरवडायचे, पेपरांच्या गठ्ठ्याची सुतळी कापून तो पुन्हा बांधायचे. हातात चाकू असला की ते पहिल्यासारखे दिसायचे. आम्हा दोघींना तेवढंच पुरत होतं.

मग एका दुपारी आई बाजारात गेलेली आणि मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. फट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. बाहेर येऊन बघते तर बाबा फ्रिजच्या मागे जमिनीवर बसलेले. फ्रिजची वायर त्यांनी सोलायला घेतली होती, प्लग भिंतीत तसाच. अंगठा काळा पडलेला, पात्याला जळल्याची खाच. वीज तोडणारा एमसीबीचा खटका पडला म्हणून वाचले. तोही त्यांनीच बसवला होता.

डॉक्टर म्हणाले, धारदार वस्तू हाताशी ठेवू नका. आई म्हणाली, "मी नाही काढून घेणार. तू घे."

ते आंघोळीला गेल्यावर मी खुंटीवरच्या पायजम्यातून चाकू काढला. बाहेर आल्या आल्या त्यांचा हात खिशात गेला.

"चाकू?"

"धार लावायला दिलाय, बाबा. त्या सायकलवरच्या धारवाल्याकडे."

"मी कधी कोणाकडून धार लावून घेतली?" एवढं त्यांना बरोबर आठवत होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "कधी देणार?"

"उद्या."

तो उद्या चार महिने चालला. रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहायचे. सायकलची घंटी ऐकली की वाकून बघायचे. दिवसातून कितीदा तरी त्यांचा हात रिकाम्या खिशात जायचा, आतल्या आत चाचपायचा आणि परत यायचा. मी ऑफिसचं काम करता करता ते बघायचे आणि पुन्हा स्क्रीनकडे वळायचे. एकदा दार उघडं राहिलं तर ते खाली गेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली अडवायला लागले. "माझा चाकू तुमच्याकडे आहे ना?" एक माणूस घाबरून त्यांना ढकलून गेला. मी धावत पोचले तेव्हा ते गुडघ्यावर पडले होते आणि बघे लांब उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी चाकू घेऊन बाजारात धारवाल्याकडे गेले.

"ह्याची धार पूर्ण घालवून द्या."

"ताई, लोक लावायला आणतात."

"घरात आजारी माणूस आहे."

त्याने पातं अंगठ्यावर तपासलं, माझ्याकडे पाहिलं, मग चाक फिरवलं. झाल्यावर बोथट कड स्वतःच्या तळहातावर दाबून दाखवली आणि म्हणाला, "लोखंड चांगलं होतं." मी पैसे देऊन चाकू घेतला. मनात हेच होतं की आता बाबांना खोटं सांगावं लागणार नाही.

घरी येऊन मी चाकू त्यांच्या हातात ठेवला. त्यांचा चेहरा असा काही फुलला की आई डोळे पुसायला आत गेली. त्यांनी नखाने पातं उघडलं, सवयीने कडेवर अंगठा फिरवला, आणि थांबले. पुन्हा फिरवला. शेजारचा पेपर उचलून एक पान कापून पाहिलं, ते फाटलं. मग कितीतरी वेळ ते चाकू उलटासुलटा करत राहिले.

"हा माझा नाही."

"बाबा, तुमचाच आहे. ही बघा तार, तुम्हीच बांधलीय."

"तार कोणीही बांधेल." त्यांनी पातं मिटलं आणि लहानपणी मला द्यायचे तसा, मूठ माझ्याकडे करून पुढे केला. "ज्याचा असेल त्याला देऊन टाका."

देऊन टाका. मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अहोजाहो केलं. मला वाटलं, चुकून आलं असेल तोंडात.

त्या रात्री भांडी विसळताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नसता दिलास तरी चाललं असतं गं. वाट तरी बघत होते."

त्यानंतर बाबा गॅलरीत गेले नाहीत. हात खिशात जायचा थांबला. चाकूचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी नंतर त्याला धार लावायचा प्रयत्न केला, त्यांच्याच दगडावर, पण पातं आता इतकं झिजलंय की धार धरत नाही. आठ महिन्यांनी, जानेवारीत, छातीत कफ होऊन ते गेले. तोवर मी त्यांच्यासाठी कामावरच्या कुठल्या तरी घरातली बाई होते. पाणी दिलं की म्हणायचे, "थँक्यू मॅडम." मी आंघोळ घालायचे तेव्हा ते संकोचाने अंग चोरायचे.

दिवाळीनंतरची एक दुपार आठवते. ते चपला घालून हॉलमध्ये खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"मॅडम, पंखा चालू करून बघता का?"

मी बटण दाबलं. पंखा फिरला. त्यांनी वर बघून मान हलवली. "आवाज नाही ना? झालं मग. मी निघतो."

"जेवून जा ना," मी म्हटलं. "पान वाढलंय."

"नको हो. घरी मुलगी आहे. मी गेल्याशिवाय जेवत नाही ती."

आईने तोवर दोन ताटं आणून ठेवली होती. मी हात धरून त्यांना बसवलं आणि समोर बसले. ते भिडस्त माणूस, उठले नाहीत. मी एकेक घास खात राहिले, वाटलं, मला बघून तरी सुरुवात करतील. "जेवा तुम्ही, सावकाश जेवा," ते म्हणाले, आणि माझं होईपर्यंत मांडीवर हात ठेवून बसून राहिले.