बसवंतप्पांच्या तीन चकरा

आजारपणानंतर बसवंतप्पा दाढी करायचे ती फक्त उजव्या गालाची. आरशासमोर पंधरा मिनिटं घालवून, साबण लावून, वस्तरा नीट धुऊन ते बाहेर यायचे आणि माझ्या दारात उभे राहून म्हणायचे, "चला सर, चहाला." उजवा गाल लख्ख, डाव्यावर खुंट तसेच. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशीही तेच पाहिल्यावर मात्र हसू आलं नाही.

औरादला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, अप्पा सरकारी बसचे ड्रायव्हर. घरात मराठी, डेपोत कन्नड, रस्त्यावर दखनी, आणि गाडीपुढं म्हैस आडवी आली की तिन्ही एकदम. पण माणूस तापट नव्हता. जीपवाला घासून पुढं गेला, वर शिवी देऊन गेला, तरी अप्पा म्हणायचे, "होगली बिडी." म्हणजे, जाऊ द्या हो, सोडा. गाडी चालवण्याबद्दल त्यांचं एकच मत होतं. "डायवर चांगला का वाईट, ते मागच्या शिटावरच्या म्हाताऱ्याला इचारा. त्याला झोप लागली असंल तर चांगला." औराद ते बीदर रस्त्यावर त्यांच्या बसमध्ये निम्मी माणसं घोरत असायची. मीही घोरलो आहे.

मग एका सकाळी अंघोळ करताना अप्पा पडले. मेंदूत रक्ताची गाठ. महिनाभरात हातपाय सुधारले, बोलणं तर बिघडलंच नव्हतं. बिघडलं होतं ते भलतंच. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण जगाला डावी बाजू असते हेच त्यांच्या मेंदूला कळेनासं झालं आहे. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची आणि अप्पा विचारायचे, "आज भाजी केली न्हाईस व्हय?" त्यांची बायको नीलाअक्का पुढं होऊन ताट अर्धं फिरवायच्या. भाजी उजवीकडं आली की अप्पा खूश. "आता वाढलीस बग."

वाईट हे, की आपल्याला काही होतंय हे अप्पांना पटायचंच नाही. जे दिसतच नाही ते दिसत नाही हे तरी माणसाला कसं कळणार? आणि चार महिन्यांनी गुलबर्ग्याला त्यांची वैद्यकीय तपासणी होती. पास झाले तर परत स्टेअरिंगवर. नापास झाले तर डेपोत बसून हलकं काम, आणि स्टेअरिंग कायमचं सुटलं. अप्पा दिवसातून दहा वेळा मला विचारायचे, "पास हुईन न्हवं सर?" एकदा तर त्यांनी माझा हात धरला. "मला दुसरं काय बी येत न्हाई ओ. मी डायवर न्हाई तर मग कोन हाय?" मी विज्ञानाचा मास्तर. मला उत्तर ठाऊक होतं, आणि मी म्हणालो, "व्हाल की अप्पा, सराव करू आपण."

सराव कशावर? माझी मुलगी कॉलेजला बीदरला गेली तेव्हा तिचा टीव्हीवरचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ घरीच राहिला होता. चिमुकल्या गाड्या, रंगीत रस्ते. या खेळाचे एकामागून एक भाग निघत आले आहेत आणि प्रत्येक भागात पहिला ट्रॅक नवशिक्यांसाठी असतो. रस्ता ऐसपैस, खड्डा नाही, दरी नाही, दोन्हीकडं गवत आणि गवतापलीकडं पांढरं कुंपण. सुरुवातीला एक उजवं वळण, तिथं बाहेरच्या अंगाला तळं. मग एक लांबच लांब डावं वळण आणि सरळ कमानीखाली. माझी मुलगी सात वर्षांची असताना हा ट्रॅक गाणं म्हणत पार करायची. खेळासोबत प्लास्टिकचं एक चाकही होतं. ते हातात घेऊन अप्पा म्हणाले, "भाकरीएवढं स्टेरिंग? होगली बिडी, चाक हाय न्हवं." आणि पाठ ताठ करून बसले. आजारपणानंतर मी त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

पहिल्याच वळणावर घोटाळा झाला. तळं जवळ आलं तसा मी ओरडलो, "राइट! राइट अप्पा, राइट!" अप्पांनी वेग वाढवला आणि गाडी सरळ तळ्यात घातली. मी कपाळाला हात लावला. अप्पा माझ्यावरच खेकसले, "राइट म्हणलाव की तुमी!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडच्या बसमध्ये कंडक्टर 'होल्डान' म्हणाला की थांबायचं आणि 'राइट' म्हणाला की निघायचं. सत्तावीस वर्षं ज्या माणसाच्या कानात राइट म्हणजे 'चलो', त्याला मी तळ्याच्या काठावर राइट म्हणालो होतो. आम्ही दोघं इतकं हसलो की अक्का काय झालं ते बघायला आल्या.

ते हसू महागात पडलं. कारण त्यानंतरचं प्रत्येक धडकणं अप्पांनी त्या एका शब्दावर टाकलं. मी 'उजवीकडं' म्हणायला लागलो आणि तळ्याचं वळण त्यांना दोन दिवसांत जमलं. पण ते लांब डावं वळण आलं की गाडी सरळ जाऊन कुंपणावर आदळायची. रोज. मी म्हणायचो, "अप्पा, डावीकडं." अप्पा पडद्याकडं बघत शांतपणे विचारायचे, "डावीकडं रस्ता कुठं हाय?" मग चाक मांडीवर ठेवून म्हणायचे, "तुमी पयल्या दिवशी राइट म्हणून माजं डोसकं फिरिवलाव सर. तवापासून हात बसंना." मी म्हणायचो, "चूक माझीच आहे, अप्पा." माझी चूक मानली की त्यांच्या मेंदूकडं बोट दाखवायची गरज उरत नव्हती. मला ती सोय आवडायला लागली.

तीन महिने असे गेले. शाळा सुटली की ते येऊन बसलेले असायचे. आदळायचे, परत सुरू करायचे, परत आदळायचे. एका संध्याकाळी कुंपणावर आदळल्यावर त्यांनी गाडी परत सुरू केली नाही. चाकावर कपाळ टेकवलं आणि लहान पोरासारखे रडले. "सात वर्साच्या पोरीला जमतंय ओ सर. मला कामून जमंना?"

दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधी मी खेळाच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथं नवशिक्यांसाठी एक मदत असते. ती चालू केली की गाडी रस्ता सोडतच नाही, खेळणारा चुकला तर यंत्र स्वतःच गाडी वळवतं. चालू असल्याची एक बारीक खूण पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दिसते. अप्पांपासून ती लपवायची गरजच नव्हती.

त्या संध्याकाळी अप्पांनी तीन चकरा मारल्या. एकदाही कुंपणाला न लागता. तिसऱ्यांदा कमानीखालून गाडी गेली तेव्हा ते उभे राहिले, "नीला! ये नीला!" म्हणून भिंतीपलीकडं हाका मारल्या. अक्का पिठाच्या हातांनी धावत आल्या. अप्पांनी त्यांना परत तीन चकरा मारून दाखवल्या. रात्रीच्या जेवणाला अक्कांनी हुग्गी केली, गव्हाची गोड खीर, सणाला करतात ती. मला पाटावर बसवून आग्रहानं वाढली. म्हणाल्या, "तुमचे उपकार हाईत सर." मी ती हुग्गी खाल्ली. आजवर इतकं कडू काही खाल्लं नसेल.

सांगायला हवं होतं. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी सांगायला हवं होतं. गुलबर्ग्याला जाताना बसमध्ये सहा तास माझ्या शेजारी बसून अप्पा बोलत होते तेव्हा तर नक्कीच सांगायला हवं होतं. त्यांनी मला मुद्दाम सोबत घेतलं होतं. "डाक्टर न्हाई म्हणला तर सर हाईत की साक्षीला. त्यांच्या डोळ्यादेखत मारल्यात चकरा." त्या बसचा ड्रायव्हर अप्पांच्या हाताखाली शिकलेला. त्यालाही त्यांनी तीन चकरांची गोष्ट सांगितली. मी खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत बसलो. माझ्यासारखा भित्रा माणूस त्या बसमध्ये दुसरा नव्हता.

डॉक्टर तरुण होता, आणि सभ्य होता. त्यानं आखूड रेघा काढलेला एक कागद अप्पांपुढं ठेवला आणि सगळ्या रेघा पेन्सिलीनं खोडायला सांगितल्या. अप्पांनी उजव्या अर्ध्या कागदावरच्या रेघा एकेक करून नीटनेटक्या खोडल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. "झालं सायेब." डॉक्टरांनी कागद फिरवून परत पुढं ठेवला. अप्पांचा चेहरा पांढरा पडला.

"ह्या नंतर वडल्यात! ह्या रेगा न्हवत्या!" ते उठून उभे राहिले. "मी तीन चकरा मारायलोय, रोज, कुंपनाला न लागता! सरांना इचारा. सर, सांगा. सांगा की ओ!"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी 'हो' म्हणालो असतो तरी त्या कागदापुढं काही फरक पडला नसता, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त मागच्या शिटावर झोपलेली माणसं दिसली. मी म्हणालो, "गाडी यंत्र वळवत होतं, अप्पा. मी मदत चालू करून ठेवली होती. तुम्ही एकही डावं वळण घेतलेलं नाही."

आवाज कुठून आला ते अप्पा शोधायला लागले. उजवीकडं बघितलं, दाराकडं बघितलं, परत उजवीकडं. मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. त्यांना मी सापडलो नाही. मी फिरून त्यांच्या समोर आलो तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती. परतीच्या बसमध्ये ते दुसऱ्या शिटावर बसले.

डेपोतल्या हलक्या कामावर अप्पा एक दिवसही गेले नाहीत. महिन्याभरात नवराबायको खजुरीला मुलीकडं राहायला गेले. निघताना अक्का भेटून गेल्या, अप्पा जीपमध्येच बसून राहिले. मी खजुरीला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा जावयानं घेतला आणि म्हणाला, "मामा झोपलेत."

पावसाळा सरता सरता नीलाअक्का एकट्याच माझ्या दारात उभ्या राहिल्या. घराचे कागद न्यायला औरादला आल्या होत्या. अप्पांना दुसरा झटका आला होता. आता अंथरुणातून उठत नव्हते, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी चहा ठेवला. अक्कांनी कपाला हात लावला नाही.

"त्यांनी एक इचारून ये म्हणलंय," त्या म्हणाल्या. "रातध्याड त्येच चाललंय त्यांचं. म्हणायलेत, सरांनी मला फसिवलं, त्ये खरं. पर कुठं? खेळात का दवाखान्यात? तेवडं इचार म्हणले, मग मी सुटलो."

अक्का माझ्या तोंडाकडं बघत होत्या. म्हणाल्या, "खरं आसंल त्येच सांगा. मी तसंच न्हेऊन सांगनार हाय."

"दवाखान्यात," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"चकरा त्यांच्याच होत्या, अक्का. खेळात मी काही केलं नव्हतं. डॉक्टरांपुढं मी खोटं बोललो."

त्यांचे डोळे भरून आले. मग ते कोरडे झाले आणि त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की तसं माझ्याकडं आयुष्यात कुणी पाहिलेलं नाही. "मानूस मारलाव की ओ सर तुमी," त्या म्हणाल्या, पिशवी उचलली आणि गेल्या.

पाचव्या दिवशी अप्पा गेल्याचं कळलं. मी पहिल्या बसनं निघालो. खजुरीत पोचलो तेव्हा त्यांना कपाळाला विभूती लावून भिंतीशी टेकवून बसवलं होतं, त्यांच्या समाजात मयताला बसवूनच नेतात. दारातून मला फक्त खांदा दिसला. जावई पुढं आला. हात जोडून, पण वाट अडवून उभा राहिला. म्हणाला, "मामा सांगून गेलेत. तीन चकरा मी मारलो होतो म्हणले, चांगल्या मारलो होतो. आन् त्या मास्तरला घरात घेऊ नका म्हणले."

मी बरं म्हणालो आणि अंगणातच थांबलो.