पानी तोड, आबा

नाना गेल्याचा फोन मला आबांनी केला. वाचणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही, पण आमच्या घरात कुणालाही विचारा, काही वर्षांपूर्वी हे घडणं शक्य नव्हतं. नाना माझे थोरले काका, आबा धाकटे. मधले माझे वडील, ते आधीच गेले. नाना-आबा सख्खे भाऊ, पण एकाची बातमी दुसऱ्याला शेजाऱ्याकडून कळायची, अशी गत. त्या सकाळी धुळ्याच्या दवाखान्यातून आबा म्हणाले, "दिलप्या, नाना गया रे..." दुःख व्हायच्या आधी माझ्या मनात आलं, बरं झालं, शेवटी आबा जवळ होते. महिना उलटला, अजून तेच वाटतं.

पांझरा नदीच्या काठी आमचं शेत. बंधाऱ्याचं पाणी पाटानं येतं आणि ज्याची बारी, त्यानं ते आपल्या वावरात घ्यायचं. वाहतं पाणी अडवणं-वळवणं याला आम्ही पाणी तोडणं म्हणतो. आपल्या बारीत तोडलं तर काम, दुसऱ्याच्या बारीत तोडलं तर चोरीपेक्षा वाईट. एका पहाटे नानांच्या बारीत त्यांच्या गव्हाकडे जाणारं पाणी मध्येच आटलं आणि शेजारच्या आबांच्या वावरात चिखल झाला. नाना चार माणसांत म्हणाले, आबानं पाणी तोडलं. आबा म्हणाले, नाही. झालं. पुढे नाना अमळनेरला मुलाकडे राहायला गेले, आबा नोकरीमुळे धुळ्यातच होते. घरातल्या लग्नात एक जण सकाळच्या पंगतीला यायचा, दुसरा संध्याकाळच्या. आबांची बायको गेली तेव्हा नाना स्मशानात आले, मागच्या रांगेत उभे राहिले आणि तसेच परत गेले.

नानांना पाण्याचं वेड. धुळ्याजवळच्या एका धरणावर त्यांनी आणि काही निवृत्त मंडळींनी बोट क्लब काढला. क्लबाकडे बोटी कमी आणि पदाधिकारी जास्त. मला पोहता येत नाही, म्हणून मला चिटणीस केलं. आबाही सदस्य झाले, पण नाना रविवारी येतात म्हटल्यावर हे शनिवारी. अशा या क्लबाच्या सभेत कुणीतरी ठराव मांडला की आपण विलायतेतल्या कालव्यांतून स्वतः बोटी चालवत सहल करू. तिथे परवाना लागत नाही म्हणे. ठराव पास झाला, कारण चहा आला होता. कुणी कुठल्या बोटीत बसायचं ते मी ठरवलं. क्लबाच्या यादीत आडनावं होती, मी आडनावानुसार बोटी वाटल्या आणि आपल्या हुशारीवर खूश झालो. नाना, नानी, आबा आणि मी एकाच बोटीत आहोत हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पैसे भरून झाले होते.

बोट लांबीला एसटीएवढी आणि रुंदीला एसटीच्या मधल्या वाटेपेक्षा थोडीच जास्त. रुसून जायला जागाच नाही. नाना सुकाणू धरून मागच्या टोकाला, आबा पुढच्या टोकाला, मध्ये नानी स्वयंपाक करायच्या आणि मी निरोप पोचवायचो. नाना म्हणायचे, त्याला सांग, डावीकडे झाड आहे. आबा म्हणायचे, त्याला सांग, मला डोळे आहेत. दोन्ही काठांना हिरवं गवत, त्यात मेंढ्या आणि पाणी इतकं संथ की नाना सारखे म्हणायचे, हे पाणी कुणाच्या वावरात जातं?

त्या कालव्यात उंच-सखल जागी पाण्याच्या खोल्या बांधल्यात. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, मग पुढच्या दारातल्या झडपा दांडा फिरवून उघडायच्या. खोलीतलं पाणी हळूहळू उतरतं, बोटही उतरते, मग दार उघडून पुढे. आबा काठावर झडपेपाशी, नाना सुकाणूवर आणि बोटीचा दोर धरून मीही काठावर. दोर खांबाला नुसता वेढा देऊन सैल सोडत राहायचा, असं बोट चालवायला शिकवणाऱ्यानं बजावलं होतं. पण मी शेतकऱ्याचा मुलगा. खुंट्याला बैल बांधायची गाठ वडिलांनी शिकवलेली, एकदा मारली की माणसानं निवांत झोपावं. मी ती मारली, आणि मेंढ्यांचे फोटो काढायला लागलो.

पाणी उतरलं. बोट उतरेना. आधी दोर कुरकुरला, मग बोट एका अंगावर लटकायला लागली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला आणि नानींची किंकाळी. मी गाठीशी झटापट करत होतो, ती माझ्या वडिलांची गाठ होती, सुटते कशाला. नाना तिरक्या बोटीवर दोन्ही हातांनी सुकाणूच्या दांडीला लोंबकळत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी आवाज दिला तो थेट वर, झडपेकडे.

"पानी तोड, आबा! पानी तोड रे भाऊ!"

आबांनी उलटा दांडा असा फिरवला की त्यांचा चष्मा पाण्यात गेला. झडपा बंद केल्या, धावत मागच्या दारापाशी जाऊन तिथल्या उघडल्या. खोली पुन्हा भरली, बोट सरळ झाली, दोर सैल पडला. नानी बाहेर आल्या, त्यांच्या लुगड्यावर सगळी डाळ.

बोट काठाला लावून सगळे गवतात बसलो. आबा म्हणाले, "नाना, त्या पहाटले पानी मी नही तोडं."

"माले माहीत शे," नाना म्हणाले.

आबांनी विचारलं, कधीपासून. नाना म्हणाले, दुसऱ्याच दिवसापासून. बांध पाहायला गेले तर त्यात खेकड्याचं बीळ होतं, पाणी तिथून फुटलं होतं.

"मंग सांगं का नही?"

नाना गवत उपटत राहिले. "चार मानसंमा तुनं नाव लिधं व्हतं. खेकडानं नाव कसं लेऊ?"

मला हसू येत होतं, पण आबांचा चेहरा पाहिला आणि गिळलं. ते उठले आणि काठाकाठानं चालू लागले. चष्म्याशिवाय, परक्या मुलखात. मी मागे निघालो तर नानांनी मला बसवलं. क्लबाच्या बाकीच्या बोटी पुढे निघून गेल्या. नाना जेवले नाहीत, वाटेकडे पाहत बसले. खेकड्यापायी गेलेली वर्षं आबांच्या हिशेबात किती मोठी होती, त्यात कोण कोण गेलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळ उतरताना आबा परत आले. नानींना विचारलं, "वहिनी, दाळ उरनी का?" डाळ कुठली उरायला... नानींनी नवी खिचडी टाकली होती. ती नानांनी उठून स्वतःच्या हातानं वाढली, वर तेल घातलं, आणि आबा थांब म्हणेपर्यंत घालत राहिले. आबा लवकर थांब म्हणाले नाहीत.

त्यानंतर दर सोमवारी नाना अमळनेरहून एसटीनं धुळ्याला आबांकडे यायचे. पेपर वाटून घ्यायचे, एकमेकांना मूर्ख म्हणायचे, जेवून झोपायचे. कुणी वर्षं वाया गेल्याचं काढलं की नाना म्हणायचे, जेवढं पाणी आलं तेवढं भिजवू. मला वाटतं, भिजवलं त्यांनी.

परवा आबांकडे गेलो होतो. न्हाणीघरातला नळ गळतो. शेवटच्या सोमवारी नानांनी त्याला जुन्या धोतराची चिंधी बांधून दिली, थेंब आवाज न करता तिच्यावरून बादलीत उतरावेत म्हणून. आबांच्या सुनेनं नळ बदलायला माणूस बोलावला होता. आबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. "नानानं काम शे ते," म्हणाले, "राहू दे." सकाळी बादली भरली की ते ती उचलून अंगणात नेतात आणि कढीपत्त्याला घालतात.