जिभेला चिकटणारा दगड

हे जाऊन तीन महिने झाले. काल यांच्या दगडांची पेटी कॉलेजसाठी न्यायला यांच्या सहकारी कुमुदताई आल्या. एक हिरवट दगड उचलून त्यांनी सहज जिभेला लावला. हेही असंच करायचे. मला वाटायचं, ही खोड फक्त मलाच ठाऊक आहे.

"चिकटतो बघा, वहिनी. निकेल आहे यात. पावसानं वरचा खडक लाखो वर्षं झिजतो, त्यातलं निकेल पाण्याबरोबर झिरपतं आणि खालच्या फटींत साठतं. सर बोलले नाहीत कधी?"

"घरी भाजीचंच बोलायचे," मी म्हटलं.

त्या हसल्या. डोंगरांवरची यांची इतकी वर्षं त्यांना मिळाली, याचा मला हेवा वाटला. मग त्या खडकाचाही वाटला. झिजता झिजता त्याच्या पोटात काही साठत तरी गेलं. माझं नुसतंच झिजणं चाललं आहे.

त्यांनी तो दगड पेटीत ठेवला. मी तो परत काढला.

"बाकीचे सगळे न्या. हा राहू दे."

त्यांनी आग्रह केला नाही. दगडावर यांनी चिकटवलेली चिठ्ठी होती. अक्षर मला लागेना. शेवटी तीही त्यांच्याकडूनच वाचून घ्यावी लागली.