राहिलेला पितळी स्क्रू

शिवणाच्या डब्यात हा पितळी स्क्रू हाताला लागला की मला जळक्या तारेचा वास येतो. लातूरला एका क्लासमध्ये मी आणि आणखी एक मुलगी, अशा आम्ही दोघी प्रश्नपत्रिका टाईप करायचो. ती माझ्यानंतर वर्षाने आलेली, तरी सरांनी नवा मदरबोर्ड तिला दिला, आणि तो बसवायला डबा घेतला माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा! माझा नुसता जळफळाट झाला. मिस्त्रीला टॉर्च मीच धरला होता. जुन्या बोर्डाचा एक स्क्रू डब्यात तसाच राहिलेला मला दिसला; नवा बोर्ड त्याला टेकून शॉर्ट होऊन जळणार, हे कळत होतं. मी गप्प राहिले. बटण दाबताच धूर निघाला. ती रडवेली होऊन म्हणाली, "ताई, मी तर सरांला म्हणलं होतं, नवा तुमालाच द्या." बोर्डच खराब निघाला, असं सगळ्यांनी धरलं. स्क्रू मी गुपचूप काढून घेतला. तो अजून कुणाला दाखवलेला नाही.