बाबांचे गॅरेजमधले शनिवार

मला एका मेकॅनिकचा हेवा वाटायचा. मी खराडीच्या काचेच्या इमारतीत बसतो, हाताखाली तीस माणसं आहेत, मुलगी इंजिनिअरिंगला आहे. असा पन्नाशी उलटलेला माणूस हडपसरच्या पत्र्याच्या शेडमधल्या गॅरेजवाल्यावर जळतो, हे कोणाला सांगणार? बायकोला सांगितलं नव्हतं, तिनं आपणहून ओळखलं. "अहो, तो तुमची सवत असल्यासारखं काय करता," म्हणाली. मी म्हटलं, मी कुठे काय करतोय. तर म्हणे तेच ना, करत काही नाही, नुसते धुमसता.

झालं होतं असं की आमच्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग कण्हायला लागलं होतं. आमची गाडी म्हणजे बाबांची. निवृत्त झाल्यावर घेतलेली, सतरा वर्षांची. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की बॉनेटखालून असा काही आवाज यायचा की सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत लोक गॅलरीत येऊन बघायचे. समोरच्या काकूंनी एकदा विचारलंसुद्धा, काही दुखतंय का हो हिला? आणि रोज सकाळी पार्किंगच्या फरशीवर लालसर तेलाचे थेंब. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, हवा ओढली की रडतो, एवढं मला इंटरनेटवरून कळलं होतं. मी ते जेवताना बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "हो का." आणि आमटी वाढून घेतली.

बाबांना मी हायड्रॉलिक शिकवायला निघालो होतो! तीस वर्षं त्यांनी हडपसरच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली, मोठमोठ्या प्रेस सांभाळल्या. त्यातल्या तेलाची एखादी नळी फाटली की रविवारीसुद्धा बाबांना घरून बोलावून न्यायचे. सील कसं बसवायचं, नळी कुठे घासते, कुठला आवाज कशाचा, हे सगळं त्यांच्या बोटांत आणि कानात. आणि ते सगळं मुलाला सोडून भलत्याच माणसाला मिळत होतं.

तो माणूस यवतमाळकडचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुण्यात आला, आता हडपसरच्या मंडईमागे त्याचं स्वतःचं छोटं गॅरेज आहे. चाळिशीचा असेल. जुन्या गाड्यांचा माणूस म्हणून बाबांना कोणीतरी त्याचा पत्ता दिला. एका शनिवारी बाबा गळती दाखवायला गेले आणि संध्याकाळीच परत आले, शर्टाला काळे डाग आणि चेहरा असा खुललेला की मी विचारलं, झालं का काम? म्हणाले, नाही, अजून सापडलं नाही, पुढच्या शनिवारी बघू. काम न होऊन इतका खूश झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग दर शनिवार. एका शनिवारी सगळ्या नळ्या पुसून त्यांवर पावडर भुरभुरली, म्हणजे जिथे झिरपेल तिथे ओली रेघ उमटेल. पावडर घरातली, बायकोची, न विचारता नेलेली. नंतर परतीच्या नळीची क्लिप बदलली. त्याच्या पुढच्या शनिवारी कळलं की ती क्लिप नव्हेच, पंपाच्या दांड्यावरचं सील गेलंय. रविवारी नाश्त्याला हे सगळं आम्हाला ऐकायला लागायचं. त्यानं असं केलं, मग मी म्हटलं, मग तो म्हणाला. "त्याला कान आहे," बाबा म्हणायचे. मलाही चांगले दोन आहेत, जन्मापासून डोक्याला चिकटलेले, पण त्यांच्याबद्दल कधी काही ऐकलं नाही. मला बढती मिळाली तेव्हा बाबा काय म्हणाले होते, माहितीये? "हो का."

एका शनिवारी मी न बोलावता सोबत गेलो. गॅरेजवाल्यानं माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुसली, चहा मागवला, पाहुण्याला देतात तसा बशीतून दिला. बाबांना त्यानं चहा बॉनेटवर ठेवून दिला, ते उभ्यानेच प्याले. मी खुर्चीत बसून ऑफिसचे मेल बघत होतो, निदान तसं दाखवत होतो. बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाला टेकवलं, मूठ गॅरेजवाल्याच्या कानापाशी नेली आणि हळू आवाजात सांगत राहिले की ही घरघर बेअरिंगची, आणि मधे तो शीळ घातल्यासारखा आवाज येतोय ना, ती हवा. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "काका, समजलं." बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मी मोबाइलमध्ये बघत राहिलो. तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात ती माझी त्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मला बाबांनी कधी पान्याला हात लावू दिला नाही. लहानपणापासून एकच वाक्य, तू अभ्यास कर. केला अभ्यास. त्याचं फळ म्हणून आता बशीतला चहा. त्या दिवशी घरी येताना मी गाडी चालवली आणि मुद्दाम प्रत्येक वळणाला स्टेअरिंग टोकापर्यंत नेलं. कण्हू दे, म्हटलं, गावभर कण्हू दे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बाबा आत्याकडे साताऱ्याला चार दिवसांसाठी गेले, आणि मी डाव साधला. गाडी उचलली आणि ऑफिसजवळच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे टाय लावलेल्या मुलानं मला विचारलं, सर, रिपेअर का रिप्लेस? मी म्हटलं, सगळं नवं टाक. पंप, नळ्या, रॅक, बेल्ट, जे जे गळू शकतं ते सगळं. बायको म्हणाली, बाबांना विचारलं का? मी म्हटलं, त्यांच्यासाठीच करतोय, या वयात दर शनिवारी एवढी दगदग कशाला. हे मी इतक्या वेळा म्हटलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. खरं कारण असं होतं की गळती बंद झाली की तो माणूस बंद.

बाबांना आणायला स्वारगेटला गेलो. गाडी वळवताना हूं नाही की चूं नाही, एका बोटानं वळत होती. बाबांची मान प्रत्येक वळणाला बॉनेटकडे जरा कलायची आणि परत सरळ व्हायची. घरी पोचल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं, एका नळीवरून बोट फिरवलं. म्हणाले, चांगलं बसवलंय. मी वाट बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "जुना पंप कुठाय?"

मी सांगितलं, तो सर्व्हिस सेंटरवाल्यांनीच ठेवून घेतला, भंगारात जाईल.

"त्यात सील नवं होतं," बाबा म्हणाले. "गेल्या शनिवारीच बसवलं होतं आम्ही. गळायचं थांबलं होतं. थोडी हवा राहिली होती आत, ती या शनिवारी काढणार होतो."

म्हणजे गळती आधीच बंद झाली होती. मी पार्किंगच्या फरशीकडे वाकून बघितलंच नव्हतं. पण ते एवढं लागलं नाही. लागलं ते "आम्ही". तो शब्द मी पुढचे तीन दिवस चावत होतो. माझ्याबद्दल बोलताना बाबा "आम्ही" कधी म्हणाले, ते मला काही केल्या आठवेना.

शनिवारी सकाळी दहाला बाबा कपडे करून बाहेर आले. खांद्याला पिशवी. मी विचारलं, कुठे निघालात?

"गॅरेजला."

"गाडीला आता काय झालंय?"

"गाडीला काही नाही झालं," बाबा म्हणाले आणि चप्पल घालायला लागले. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बसनं जाणार होते.

मग माझं डोकं फिरलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बापाला दारात अडवून मी नाही नाही ते बोललो. की तो परका माणूस, त्याला सगळं शिकवता. की मला आयुष्यात एक स्क्रू पिळायला दिला नाहीत. की माझ्याशी बोलायला तुमच्याकडे दोनच शब्द आहेत. बायको आतून आली आणि माझा चेहरा बघून परत आत गेली.

बाबा शांतपणे दुसरी चप्पल घालत होते. मग ताठ उभे राहिले.

"आठवीच्या सुट्टीत तुला कारखान्यात घेऊन गेलो होतो," ते म्हणाले. "नवा शर्ट घातला होतास. दारातच नाक धरलंस. म्हणालास, बाबा, मला तुमच्यासारखा वास यायला नको."

बाबांनी खांद्यावरची पिशवी नीट केली.

"मग मी परत नाही विचारलं. चुकीचं नव्हतं तुझं. मला तरी कुठे आवडायचा तो वास." आणि ते जिना उतरायला लागले.

मला हे आठवत नाही. खरंच आठवत नाही. वाक्य मात्र माझंच आहे, कोणीही ओळखेल. मी किल्ली घेतली, खाली धावलो आणि म्हटलं, सोडतो. बाबा बसले. हडपसर येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही आणि गाडीही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

गॅरेजमध्ये दुसरीच एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती, खाली तसेच लाल थेंब. गॅरेजवाला म्हणाला, "या नं काका, तुमचीच वाट बघत होतो." मग मला बघितलं आणि खुर्ची पुसायला वळला. मी म्हटलं, खुर्ची नको.

बाबा त्या गाडीवर वाकले होते, गॅरेजवाला येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"बाबा, कुठून गळतंय ते मला दाखवता का?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हाताला वास येईल," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो, खरोखरच सांगत होते.

"येऊ दे," मी म्हटलं.

त्या उघड्या बॉनेटपाशी दोघांपुरतीच जागा होती आणि ते दोघं तिथे उभे होते. बाबा हलले नाहीत, त्यांना बहुतेक सुचलं नाही. गॅरेजवाला एक पाऊल मागे सरकला. बाबांच्या शेजारची ती जागाही मला त्यानंच दिली.