खटखट अंकलचा श्वास

माइकसमोर उभं राहण्याआधी हिराजीभाऊ माझ्या टेबलावर खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, सुट्टे पैसे, आगपेटी, तंबाखूची डबी, जाळं विणायची सुई. एवढं काढून ठेवलं तरी काही ना काही वाजायचंच, कारण या माणसाला एका जागी उभं राहणं ठाऊकच नव्हतं. हात हलायचे, मान हलायची, चपला काढायला लावल्या तर पायाची बोटं हलायची. शेवटी त्यांचा टेरिकॉटचा शर्टही माइकवर सळसळतो असं लक्षात आलं, तेव्हा मी कपाळाला हात लावून म्हटलं, "काढा तोही!" तेव्हापासून हिराजीभाऊ बनियनवर डबिंग करत. चॅनेलचं कुणी येणार असलं की मी आतूनच ओरडायचे, "भाऊ, शर्ट!"

मीरा रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा छोटासा स्टुडिओ होता. परदेशी कार्टून मालिका हिंदीत आणायचं काम. संवाद मी लिहायचे आणि रेकॉर्डिंगही मीच घ्यायचे. घरोघरी केबल पोचली होती, नवी नवी चॅनेलं येत होती आणि प्रत्येकाला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असायचं. जेवायला बसलं तरी फोन, पाणी प्यायला उठलं तरी फोन.

अशाच एका दुपारी खालच्या साडीच्या दुकानापुढे भोंगा लावलेली रिक्षा येऊन थांबली. "आइए बहनजी, आइए भाभीजी, सेल, सेल, सेल!" आमचा एक टेक गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला मी तणतणत खाली उतरले आणि रिक्षात माइक धरून बसलेल्या गृहस्थांना म्हटलं, "अहो, जरा गप्प बसाल का?" माइक चालूच होता. त्याच माइकवरून त्यांनी मला झापलं, "गप बसायचे पैशे न्हाय मिलत बाय! बोलायचे मिलतात! तरास होतो तर कापूस घाला कानात!"

सगळा रस्ता खो खो हसला. मला खरं तर संताप यायला हवा होता. पण त्या आवाजात असा काही खवचट, कुरकुरा सूर होता, की मी त्यांना, म्हणजे या हिराजीभाऊंना, तसंच वर घेऊन आले. आम्ही कितीतरी दिवस खटखट अंकलचा आवाज शोधत होतो, आणि तो खाली रस्त्यात साड्या विकत बसला होता.

खटखट अंकल म्हणजे त्या मालिकेतला तळमजल्यावरचा शेजारी. मालिका होती वर राहणाऱ्या एका धांदरट कुटुंबाची. नवरा-बायको भांडायचे, पोरं उड्या मारायची, आणि मग खालून हा म्हातारा झाडूच्या दांड्याने छताला खटखट करायचा आणि दोन वाक्यं ओरडायचा. झालं त्याचं काम! तो कोण, घरी कोण असतं, काय खातो, काही कधी दाखवलंच नाही. हिराजीभाऊंना मात्र त्याचा फार अभिमान. "ताई, आमचा म्हातारा न्हाय तर ती वरची मानसं एकमेकांना खातील," असं ते प्रत्येकाला सांगायचे. चहा उभ्याउभ्याच प्यायचे आणि तेवढ्यात खालच्या वॉचमनपासून वरच्या ब्युटी पार्लरवालीपर्यंत सगळ्यांशी बोलून यायचे.

त्यांचं घर पालीला, उत्तनच्या अलीकडे-पलीकडे म्हणा, समुद्राला लागून. भावांच्या बोटी होत्या. हे बोटीवर टिकले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "दर्यावर बोलाया कोन हाय? म्हावरं?"

आणि एके दिवशी चॅनेलकडून नव्या भागांच्या टेप आल्या. त्यात एक अख्खा भाग खटखट अंकलचा! मी हिराजीभाऊंना फोनवर एवढंच सांगितलं आणि चूक केली. दुसऱ्या दिवशी ते आले तोवर पालीत ही बातमी घरोघर झाली होती. जेट्टीवरच्या बायकांना ठाऊक, देवळातल्या भटजींना ठाऊक. रविवारी सगळे त्यांच्या घरी टीव्ही बघायला जमणार होते. "काय काय बोलतो ओ आमचा म्हातारा?" त्यांनी विचारलं. मी तोवर टेप बघितली होती. आता हे यांना सांगायचं तरी कसं?

कारण खटखट अंकल त्या भागात एक अक्षर बोलत नव्हता. वरचं कुटुंब सुट्टीवर गेलेलं असतं. घर शांत. म्हातारा आधी खूश होतो, मग अस्वस्थ. उगाचच छताला दांडा मारून बघतो. वरून काहीच नाही. त्या दिवशी त्याचा वाढदिवस असतो. तो स्वतःच केक आणतो, दोन बशा मांडतो आणि बसतो. एवढंच. उसासे, खोकला, श्वास. त्यात चॅनेलच्या माणसाचा फोन आला, "मॅडम, डायलॉग ही नहीं है तो आर्टिस्ट को क्यों बुलाना? ओरिजिनल ब्रीदिंग रख लो ना."

हिराजीभाऊ हे ऐकून खोलीभर येरझारा घालू लागले. "मंजे माझ्याच भागात मी न्हाय? पालीला काय तोंड दाखवू?" मग एकदम थांबून म्हणाले, "ताई, तो बोलतो माझ्या तोंडानं, आनि उसासा टाकतो गोऱ्याच्या नाकानं? असं असतं काय कुठं?" मला ते पटलं. मी चॅनेलशी भांडले. अखेर त्यांचा तो माणूस म्हणाला, शुक्रवारी येऊन ऐकतो. जमलं असेल तर ठेवू, नाहीतर मूळचे श्वास.

जमेना. काय सांगू, अजिबात जमेना! एक उसासा टाकला तर वाटलं दम्याचा झटका आला. दुसरा टाकला तर वाटलं नाटकात बाप मेला. "भाऊ, हा माणूस एकटा आहे हो. नुसता एकटा. त्याला काही झालेलं नाही," मी म्हटलं. ते घाम पुसत बाहेर आले. "तेच तर सांगतो. एकटा मानूस कसा रातो ते मी कवा बगितलंच न्हाय. आमच्याकडं सकाली संडासाला जायचं तरी लाइन लागते." मग माझ्याकडे टक लावून बघत त्यांनी विचारलं, "ताई, तुमी एकट्या राता ना?"

हे असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. आई गेल्यावर लालबागची खोली विकून मी मीरा रोडलाच, सिल्व्हर पार्कला, वन रूम किचन घेतलं होतं. घर छान होतं, हवेशीर होतं. मी सकाळी कुलूप लावायचे, संध्याकाळी उघडायचे. समोरच्या दारावर कोणती पाटी आहे, तेसुद्धा मला सांगता आलं नसतं. "हो, राहते. मग?" मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं.

"मंग मला उद्या दिवसभर तुमच्या घरात बसू द्या. एकटा. टीवी न्हाय, रेडिओ न्हाय. शिकून येतो."

वेडेपणाच होता. पण शुक्रवार परवावर आला होता. मी जादाची किल्ली दिली आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत दुसऱ्या कामाला लागले. लक्ष कशात लागेना. या माणसाने माझ्या घरात काय उचकलं असेल, काय पाडलं असेल, असं सारखं मनात येत राहिलं.

संध्याकाळी घरी आले. दार बंद, आत चिडीचूप. मला वाटलं, कंटाळून गेले असणार. किल्लीने लॅच उघडलं, आत शिरले, अंधारातच पर्स खुंटीला अडकवली, आणि फटकन दिवा लागला. माझ्या हॉलमध्ये माणसंच माणसं! समोरच्या हंसाबेन ढोकळ्याची थाळी धरून, वरच्या मजल्यावरचे शेखसाहेब माझ्या खुर्चीत, त्यांची बायको माझ्या पलंगावर. किल्ली वाजताच हिराजीभाऊंनी गंमत म्हणून सगळ्यांना चूप केलं होतं. हंसाबेन हसत म्हणाल्या, "कितने साल से सामने रहते हो, बेन! आज घर देखा आपका."

"भाऊ, तुम्ही एकटे बसणार होतात!" मी म्हटलं.

"बसलो ना! जाम बसलो! घड्याल बगितलं तर दुपारपन झाली नव्हती. मंग म्हटलं, जरा साखर मागून आनू."

मला हसावं की रडावं कळेना. सगळ्यांनी ढोकळा खाल्ला, शेखसाहेबांनी पाण्याच्या टाकीवरून सोसायटीला यथेच्छ शिव्या घातल्या, घर नुसतं गजबजून गेलं. फक्त हिराजीभाऊ गप्प होते. दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाय," म्हणाले आणि हातातला चहा अर्धा टाकून निघून गेले. मी मनात म्हटलं, संपलं, उद्या काही खरं नाही.

शुक्रवारी चॅनेलचा माणूस माझ्या शेजारी येऊन बसला, पाय हलवत. हिराजीभाऊंनी खिसे रिकामे केले, चॅनेलवाल्यासमोरच शर्ट काढला आणि माइकपुढे उभे राहिले. नुसते उभे. हात हलेना, मान हलेना. पडद्यावर खटखट अंकल केक घेऊन आला, किल्ली लावली, दार उघडलं. मूळ नटाने तिथे लांबलचक उसासा टाकला होता. हिराजीभाऊंनी तोंड उघडलं, हाक मारायला घेतात तसा श्वास आत घेतला, "आ..." एवढं झालं आणि तिथेच थांबले. उरलेलं गिळलं. मग नाकावाटे हळूच तो श्वास सोडून दिला.

रेकॉर्डिंगच्या बटणावरचा माझा हात तसाच राहिला. तो श्वास माझा होता. आई होती तेव्हा दार उघडल्याबरोबर मी "आले गं" म्हणायचे. ती गेल्यावर ते बंद झालं, असं मी समजत होते. कुठलं बंद झालं! रोज संध्याकाळी अर्धा शब्द तोंडात येत होता आणि रोज मी तो गिळत होते. काल अंधारात हिराजीभाऊंनी तो ऐकला होता. मी स्वतः तो पहिल्यांदाच ऐकत होते.

"ये रख लो," चॅनेलचा माणूस म्हणाला. त्याचे पाय हलायचे थांबले होते. हिराजीभाऊ बाहेर आले, शर्टाची बटणं लावत माझ्याजवळ आले आणि खाली बघून म्हणाले, "ताई, चोरी केली तुमची. रागावलात?" मी नाही म्हणून मान हलवली.

रविवारी त्यांनी मला पालीला नेलंच. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांतही डोकी. भाग सुरू झाला आणि पोरांनी भंडावून सोडलं, "काका, तू कवा बोलनार?" हिराजीभाऊ दारात उभे होते, हाताची बोटं मोडत. "गप रे! आज गप बसायचे पैशे मिललेत," ते खेकसले. पण घाबरले होते. बायका आपापसात कुजबुजत होत्या, हे कसलं काम, यात हिराजी हाय कुठं? खटखट अंकलने केक घेऊन दार उघडलं.

हिराजीभाऊंची म्हातारी आई टीव्हीकडे पाठ करून बसली होती. मोतीबिंदूमुळे तिला काही दिसत नव्हतं, ती आपली चाचपडत सुके बोंबील निवडत होती. टीव्हीतून तो श्वास आला, "आ...", आणि मान वरसुद्धा न करता म्हातारी म्हणाली, "आयलास काय रं हिरा? हातपाय धू जा."

सगळं घर हसलं. हिराजीभाऊ हसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "आयलो गो आय."

मी उठून बाहेर अंगणात गेले. मला रडू आवरेना, आणि त्या गर्दीत रडायला मला लाज वाटत होती. थोड्या वेळाने ते चहा घेऊन आले, एक कप मला दिला. "बगितलंत?" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "आयनं वलखला. गोऱ्याचा उसासा वलखला असता तिनं?" मग समुद्राकडे बघत जरा हलक्या आवाजात म्हणाले, "तुमी घरी गेल्यावर पुरता बोलत जा ताई. गिलत नका जाऊ."

मी हो म्हटलं, पण कुणाला सांगू, मला लाज वाटायची. रिकाम्या घराला काय सांगायचं? हंसाबेनचं येणंजाणं त्या दिवसापासून सुरू झालं ते सुरूच राहिलं. शेखसाहेब टाकीच्या तक्रारी घेऊन यायला लागले. दारात मात्र मी तो शब्द गिळतच राहिले. आता गिळताना कळायचं, एवढाच फरक.

मालिका पुढे बंद पडली. हिराजीभाऊ पुन्हा भोंग्याच्या रिक्षेत बसले. मधूनच आमच्या इमारतीखाली थांबून माइकवरून ओरडायचे, "दुसऱ्या मजल्यावरच्या ताई, चहा टाका!" मग एका पावसाळ्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी पालीला गेले. घर भरलेलं होतं, नेहमीसारखंच. कुणी रडत होतं, कुणी चहा करत होतं, पोरं अंगणात भांडत होती. म्हातारी आधीच गेली होती, हे त्यातल्या त्यात बरं झालं. त्यांच्या बायकोने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "घर बगा कसं गप झालाय." इतका कल्लोळ चालू होता, आणि तिला घर गप्प वाटत होतं.

संध्याकाळी सिल्व्हर पार्कला परतले. जिना चढले, किल्ली लावली, दार उघडलं. तोंड उघडलं, श्वास घेतला.

"आले," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं.

पाठीमागे समोरचं दार उघडलं. "आवी गया, बेन?" हंसाबेनने विचारलं.

"हो, आले," मी म्हटलं, आणि तशीच मागे वळून तिच्याकडे जाऊन बसले.